'चांगला एन-९५ द्या, विषय संपला': नाही संपत

गुण्या
'ओटा क्वार्ट्झचा की ग्रॅनाइटचा' या धाग्यावर दगडोबांनी लिहिलंय: "ऑस्ट्रेलियाने क्वार्ट्झच्या ओट्यांवर बंदी घातली म्हणून आपण घाबरायचं कारण नाही. कारागिराला चांगला एन-९५ द्या, विषय संपला." उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

आधी हिशेब. एन-९५ चेहऱ्यावर घट्ट बसला तर आत बाहेरच्या धुळीचा दहावा हिस्सा जातो असं धरतात. घट्ट बसला तर. क्वार्ट्झच्या पाट्यात (दगडाचा भुगा राळेत दाबून केलेला) ९० टक्क्यांच्या वर सिलिका, म्हणजे वाळूतलं खनिज, ज्याची धूळ फुप्फुसं खाते. बंद स्वयंपाकघरात चार इंची ग्राइंडर कोरडा चालवला आणि समजा दर घनमीटर हवेत ५ मिलिग्रॅम बारीक सिलिका तरंगतेय. मास्कच्या आत उरली ०.५. अमेरिकेतली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने ०.०५. दिवसभर हेच काम असेल तर मास्क लावूनही दहापट. दोन दिवसांची दाढी असेल, किंवा दोन्ही रबरं मानेवरच घेतली असतील (साइटवर हेच दिसतं), तर तो दहावा हिस्साही विसरा.

आणि दिसते ती पांढरी धूळ लवकर खाली बसते. मारणारी ती नव्हे. मारणारी १० मायक्रॉनच्या आतली, डोळ्यांना न दिसणारी, तासन्‌तास तरंगणारी. मशीन बंद होतं, मास्क गळ्यात येतो आणि चहा त्याच खोलीत होतो.

धूळ पात्यापाशीच मारायची. आधी पाणी, ते जमत नसेल तर व्हॅक्युमने ओढून घेणं, मास्क या दोन्हींच्या जोडीला.

दगडोबा
वा, पाणी! चौथा मजला, फॉल्स सीलिंग झालेलं, खाली प्लायचे खोके बसलेले. प्लाय फुगली की पैसे कोण देणार, तुम्ही? खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली की सोसायटीचा सेक्रेटरी काम बंद पाडतो ते वेगळंच.

बंदीवाल्यांनाही विचारतो: ग्रॅनाइटमध्ये काय गुलाबपाणी असतं? त्यातही २५-३० टक्के सिलिका आहेच. तोही कोरडाच कापतात. मग त्यावरही बंदी?

फुप्फुसराव
ग्रॅनाइटचा मुद्दा मान्य, अर्धा. सिलिकेचं प्रमाण कमी असेल तर साधारण सिलिकोसिसला (या धुळीने फुप्फुसं घट्ट होत जाण्याच्या आजाराला) दहा-वीस वर्षं लागतात. क्वार्ट्झच्या पाट्यावर पाच-दहा वर्षांत, कधी त्याआधीही होतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बंदी आणली ती तरुण कारागिरांची फुप्फुसं बघून.

आपल्याकडे खरी गोची पुढेच आहे. खोकला, वजन घटणं, एक्स-रेत वरच्या भागात डाग. डॉक्टर क्षयाची सहा महिन्यांची औषधं सुरू करतात. सिलिकोसिसवाल्याला क्षय होण्याची शक्यता जास्त, त्यामुळे कधी दोन्ही असतात, पण कामाचं कुणी विचारतच नाही. 'काय काम करता?' एवढा एक प्रश्न केसपेपरवर छापा. काम सोडल्यावरही आजार वाढत राहू शकतो आणि तो बरा करणारं औषध नाही. गोध्र्याच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत काम केलेले मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर याच आजाराने दगावले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसचं धोरण केलं. ओटेवाल्याच्या गाळ्यात माणसं चार, तो 'कारखान्या'च्या व्याख्येतही बसत नाही.

तारतंत्री
सगळे 'पाणी पाणी' करताय. २३० व्होल्टच्या ग्राइंडरवर? सिलिकोसिस पाच वर्षांनी, शॉक आत्ता.

साधा अँगल ग्राइंडर पाण्यासाठी बनवलेलाच नाही. हवेच्या खाचांतून पाणी आत ओढतो. मार्बल कटरला पाण्याची नळी येते, पण ती पहिल्या आठवड्यात हरवते. मग हेल्पर बाटलीच्या झाकणाला भोक पाडून धार धरतो, एक पाय त्याच पाण्यात.

दगडोबा
अर्थिंग करा, सोपं आहे.

तारतंत्री
हेच, हेच! वायर सोलून बघितलीत कधी? ही मशीनं दुहेरी इन्सुलेशनची, वायर दोनच तारांची. अर्थ जोडणार कुठे? वर साइटवर प्लगच नसतो, उघड्या तारा सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्यांनी खुपसलेल्या. इथे वाचवेल तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच. जादा भारावर पडणारा एमसीबी नव्हे! १६ अँपिअरचा एमसीबी माणूस मेला तरी पडत नाही.

दगडोबा
आरसीसीबी सारखा पडतो म्हणून इलेक्ट्रिशियनच तो काढून सरळ जोडून देतो.

तारतंत्री
सारखा पडतो म्हणजे गळती आहे, किंवा दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतलाय. ते शोधायचं की पहारेकरी हाकलायचा? ब्रिटनमध्ये साइटवर ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असतो, मधून अर्थ केलेला, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने ५५ व्होल्टच.

गुण्या
कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा ग्राइंडर घ्या, शॉकचा प्रश्नच मिटला.

तारतंत्री
आणि ५ एचपीचा कॉम्प्रेसर चौथ्या मजल्यावर कोण चढवणार? एका ग्राइंडरला तो कसाबसा पुरतो. गाळ्यात ठीक.

नोजिंगवाली
धागा धुळीचा आहे की महावितरणचा?

माझा राग वेगळा. साइटवर कापायची वेळ येतेच का? आर्किटेक्टला ओट्याची कड ४५ अंशांच्या मायटरची (तिरक्या कापाच्या जोडाची) हवी आणि माप देतात टाइल लागण्याआधी. भिंत गुण्यात (काटकोनात) नसते, दहा फुटांत सहज १० मिलिमीटर मारते. मग पाटा येतो, बसत नाही, आणि जागेवर घासाघीस. टाइल लागल्यावर प्लायच्या पट्ट्यांचा फर्मा काढा, गाळ्यात पाण्याच्या ब्रिज सॉवर (पाटा कापायच्या मोठ्या यंत्रावर) कापा, सिंकचं होलही तिथेच. साइटवर सिलिकॉनच्या रेघेपुरतं काम उरतं. पण त्यात चार दिवस जातात आणि ते कुणालाच द्यायचे नसतात.

गुण्या
आणि त्या बाटलीचा हिशेब. ब्रिटनमध्ये हातातल्या कट-ऑफ सॉला मिनिटाला किमान अर्धा लिटर सांगतात. त्या मापाने लिटरची बाटली दोन मिनिटांत संपते. २४ बाय १८ च्या सिंकचा परीघ सात फूट. हेल्पर बाटली भरायला जातो, पातं कोरडं फिरत राहतं.

पाणी नकोच असेल तर पात्याला झाकण आणि व्हॅक्युम. अमेरिकेतला नियम पात्याच्या दर इंचाला २५ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), म्हणजे चार इंचीला १००. घरातला व्हॅक्युम लावू नका. त्याच्या पिशवीतून बारीक धूळ मागून बाहेर पडते.

आणि गाळ. बादलीतलं तेच दुधाळ पाणी पुन्हा वापरलं की तुषारांतून तीच सिलिका हवेत. लादीवर वाळला, सकाळी झाडू मारला, काल मारलेली धूळ पुन्हा उडाली. ओला असतानाच वायपरने ओढा. कपड्यांवर कॉम्प्रेसरची हवा मारणाऱ्याला तर दोन दिवस गाळ्याबाहेर बसवा.

दगडोबा
बरं महाराज. एन-९५ ने विषय संपत नाही, हरलो. पण बंदीने संपतो हेही सिद्ध झालेलं नाही. तुमची सगळी यादी ग्रॅनाइटलाही लागू आहे.

फुप्फुसराव
लागू आहेच. फरक चुकीला किती माफी मिळते याचा. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात मर्यादेचं सूत्र होतं १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २). धुळीत ९० टक्के क्वार्ट्झ असेल तर श्वासाबरोबर खोल जाणाऱ्या एकूण धुळीची मर्यादा ०.११ मिलिग्रॅम, ३० टक्के असेल तर ०.३१. आणि त्यातल्या सिलिकेपुरतं बघितलं तर ही अमेरिकेच्या जवळपास दुप्पट सैल.

दगडोबा
मग कडप्पाच घाला. चुनखडीचा.

नोजिंगवाली
लिंबू पडलं की डाग. गिऱ्हाईक आणा, घालते.

तारतंत्री
आरसीसीबीवरचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर तो भिंतीवरचा खडा आहे. बस, आता गप्प.