वह्या, गणवेश, खिचडी: दिलेल्याचे आणि घेतलेल्याचे अनुभव

निवांत_दुपार
आज रद्दीवाला येणार म्हणून माळा उपसला. लेकाच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडत बसले होते (आई शिवून द्यायची ना तशी वही, ती सवय सुटत नाही), तर सातवीची विज्ञानाची वही हाती आली आणि २०१९चा ऑगस्टच आठवला.

सांगलीचा पूर ओसरला तेव्हा आम्ही आठ-दहा जण पुण्याहून टेम्पो घेऊन गेलो होतो. वह्या, दप्तरं, बिस्किटं, टॉवेल. कृष्णाकाठच्या एका गावात शाळेच्या गच्चीवर पुस्तकं वाळत घातली होती. पानं फुगून एकेका पुस्तकाचं उशीएवढं झालेलं. मी एका मुलीला पाच नव्या वह्या दिल्या. तिने घेतल्या, आणि म्हणाली, "काकू, लिहिलेली हाय का कुणाची?"

मला आधी कळेचना. मग तिच्या बाईंनी सांगितलं, जून-जुलैचा सगळा अभ्यास वाहून गेलाय, आणि वर्गात कुणाचीच वही शिल्लक नाही. उतरवून घ्यायची तर कुणाची? चिरंजीव तेव्हा सातवीतच, मराठी माध्यम. घरी आले, त्याच्या सगळ्या वह्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि पाठवल्या. आठवड्याने बाईंचा निरोप आला: पोरी विचारतायत, हे अक्षर कुणाचं? लागत नाही.

तर अशा तुमच्याही आठवणी लिहा. दिलेल्या, घेतलेल्या, दोन्ही.

ढेकूळ
घेतलेली लिहितो. तीन किलो तांदूळ. महिन्याला. ऐंशी टक्के हजेरी भरली तरच. १९९६ला मी तिसरीत. अंगात ताप असला तरी आजी गोधडीतून ओढून काढायची, "जा, हजेरी लागली की झोप तिथंच." मास्तरांनाही माहीत. मी मागच्या भिंतीला पडून असायचो, नाव घेतलं की झोपेतच "हजर". वाटपाच्या दिवशी दप्तर घरी आणि पिशवी शाळेत. नंतर शिजवलेली खिचडी आली तोवर मी हायस्कूलला. धाकटीने खाल्ली, मला नुसता वास.

कुकर_तीन_शिट्ट्या
वाचतेय. आमटी फोडणीला टाकून येते.

तात्या_७२
ढेकूळ, तुमचा तांदूळ तर आमची सुकडी. बहात्तरचा दुष्काळ. आई-बाप खडी फोडायच्या कामावर, आम्ही पोरं बाजूला. गोड पिठासारखी असायची, कोरडी खाल्ली की टाळूला चिकटायची. मी धाकट्यासाठी चड्डीच्या खिशात भरून आणली, आणि रात्री खुंटीवरच्या चड्डीला मुंग्यांची ही रांग! मार खाल्ला तो वेगळाच. मिलो ज्वारीची लाल भाकरी मात्र कुणी आठवून देऊ नका.

पाटीवरची_रेघ
जि.प. शाळेत शिक्षिका आहे, म्हणून जरा कडू लिहिते. राग नसावा.

आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं सरकारकडून मिळतात, ती आणू नका. वह्या सगळे जूनमध्येच आणतात. पहिल्या पंधरवड्यात एकेका पोराकडे डझनभर होतात, आणि दिवाळीनंतर पेन्सिलीचं नखाएवढं टोक धरून लिहितात. तेव्हा या. चौकटीच्या वह्या आणा, खोडरबर आणा, पायाचं माप आधी विचारून चपला आणा. सहावी-सातवीच्या मुलींसाठी पॅड आणा, आणि ते सगळ्यांसमोर वाटू नका.

आणि फोटो. गेल्या वर्षी एका वहीला पाच मोठ्या माणसांचे हात लागलेले, सहावा पहिलीतल्या पोराचा. फोटो काढणाऱ्याचं काही मनासारखं जमेना. पोरगं शेवटी माझ्याकडे बघून म्हणालं, "बाई, सोडू का आता?"

निवांत_दुपार
बाई, आमच्या टेम्पोवरही बॅनर होता. कबूल.

गोणी_नं_४
पुरात कपड्यांची वर्गवारी करायला होतो मी, कोल्हापूरच्या बाजूला. काय काय निघालं सांगतो. एक शेरवानी. चार टाय. मुलांच्या बुटांचं अख्खं पोतं, पण सगळे सुटे. जोड्या लावता लावता संध्याकाळ, तरी एकवीस डावे उरले. आणि एक पोहायचा पोशाख. पूरग्रस्तांना!! हसून हसून मुरकुंडी वळली. मग कुणीतरी म्हणालं, जेवण झालंय का रे कुणाचं, तर कुणाचंच नव्हतं.

कुकर_तीन_शिट्ट्या
आले. एकवीस डावे 😂
खिचडीवर बोलायचं होतं. आमच्या शाळेतल्या मावशींच्या मटकीच्या खिचडीसारखी घरी होतच नाही. तेल घरीच जास्त पडतं, तरी. मोठं पातेलं आणि चुलीचा धूर, दुसरं काय.

ढेकूळ
आणि दुसऱ्याच्या ताटातली म्हणून.

कोपीवरचा
बीडकडचा. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं, पार मार्च-एप्रिलपर्यंत. पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह असतं, पण ज्यांना सांभाळायला म्हातारं माणूस नाही ती जातातच संगं. आमचा मित्रांचा गट कारखान्याजवळच्या कोप्यांवर, म्हंजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, जातो. एकदा चाळीस दप्तरं वाटली. महिन्याने गेलो तर एका दप्तरात भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कोयता. आमच्यातला एक जण लई चिडला. पोरीची आई म्हणली, "दादा, पहाटं तीनला फडात जातोय. हिला कोपीत एकटी ठिवू का?" मंग पोरगी बी फडात, दप्तर बी फडात. पुढच्या खेपेला दप्तरं नेली नाहीत. दोन पोरं बारावी झालेली होती, त्यांना तिथंच मुक्कामाला ठिवलं, शिकवायला. ती बी पंधरा दिवसांत पळाली, थंडीनं. सध्या परत दप्तरंच नेतोय, दोन कप्प्यांची.

शनिवारचे_घर
आजोबा पुण्यात वार लावून शिकले. सोमवारचं जेवण एका घरी, मंगळवारचं दुसऱ्या. शनिवारच्या घरी पाटाखाली चार आणे ठेवलेले असत. कोण ठेवतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

सातारी_कंदी
आमच्याकडे मुष्टिफंड. रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगसाठी. पणजी जात्यावर बसण्याआधी मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायची, आठवड्याला पोरं येऊन न्यायची. सासूची मूठ मोठी की सुनेची, यावरून घरात भांडणं व्हायची म्हणे.

निवांत_दुपार
सासूची. काही प्रश्नच नाही.
पाटीवरची_रेघ, चौकटीच्या वह्या किती लागतील? शनिवारी अप्पा बळवंत चौकात जाईन म्हणते.

पाटीवरची_रेघ
पहिली-दुसरी मिळून एकोणतीस. पण आत्ता नको हो. डिसेंबरात.

तात्या_७२
शनिवारी अप्पा बळवंत चौकात गाडी लावायला जागा मिळाली तर तोही अनुभव इथे लिहा.

गोणी_नं_४
कंपासमधले ते दोन गुण्ये कधी कुणी वापरलेत का?

ढेकूळ
पाठ खाजवायला. साठ अंशाचा बरा.