किडनीच्या आजारात कर्क्युमिनच्या (हळदीतला पिवळा घटक) कॅप्सूल चालतील का?

मीनल_के: वडील ६४ वर्षांचे, बरीच वर्षं मधुमेह. क्रिएटिनिन २.०, ईजीएफआर (किडनीची रक्त गाळण्याची क्षमता) ३६, लघवीतून प्रोटीन जातं. टेल्मिसार्टन (रक्तदाबासाठी) आणि क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवायला) चालू आहे. नातेवाइकांनी हळदीच्या कॅप्सूल दिल्यात, डब्यावर 'कर्क्युमिन ५०० मिग्रॅ, ९५ टक्के, पायपरिनसह, दिवसातून दोनदा' असं आहे. हळदच आहे तर द्यायला हरकत आहे का?

आहार_किडनी: देऊ नका. ही स्वयंपाकातली हळद नव्हे. साध्या हळद पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. ५०० मिग्रॅच्या एका कॅप्सूलमध्ये ते ४७५ मिग्रॅ, म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅम हळदीतलं, पाचेक चमचे. दिवसाला दोन म्हणजे दहा चमचे! भाजी-आमटीत चार माणसांत मिळून अर्धा-एक चमचा पडतो. ती हळद बिनधास्त चालू ठेवा. किडनीच्या आजारात रक्तात साचणाऱ्या पोटॅशियमचीही चिंता नको, ३ ग्रॅम हळदीत ते ६० मिग्रॅच्या आसपास असतं. 'लो सोडियम' मीठ मात्र घरात आणू नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

डब्यावर 'अर्क' आहे की 'हळद पूड' हेही बघायचं. अर्कात ऑक्सलेट (हळदीतला, खडे बनवणारा क्षार) कमी येतं, कारण कर्क्युमिन सॉल्व्हंटने (अल्कोहोलसारख्या द्रवाने) काढतात आणि ऑक्सलेट पाण्यात विरघळणारं असल्याने बरंचसं मागे राहतं. पुडीच्या कॅप्सूल आणि रोजचे हळदीचे 'शॉट' यांत मात्र ते पुरेपूर उतरतं. एका अभ्यासात निरोगी माणसांनी दिवसाला २.८ ग्रॅम हळद घेतली, त्यातून ५५ मिग्रॅ ऑक्सलेट पोटात गेलं आणि लघवीतलं ऑक्सलेट वाढलं. किडनी मंदावलेली असेल तर ते बाहेर पडत नाही, कॅल्शियमबरोबर स्फटिक होऊन नलिकांत साचतं. जोडीला व्हिटॅमिन सी असेल तर आणखी वाईट, कारण शरीरात त्याचंही ऑक्सलेट होतं.

फार्मसी_पुणे: पायपरिनकडे, म्हणजे काळ्या मिरीतल्या घटकाकडे, दुर्लक्ष नको. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की २० मिग्रॅ पायपरिनने कर्क्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढतं. जाहिरातीत हे गुण म्हणून येतं. पण पायपरिन यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स दाबतं, त्यामुळे इतर औषधांची रक्तातली पातळीही वाढू शकते. प्रत्यारोपण झालेल्यांनी तर अशा कॅप्सूलना हातही लावू नये: टॅक्रोलिमस या प्रत्यारोपणानंतरच्या औषधाची पातळी चढली की नवी किडनीच धोक्यात. तुमच्या वडिलांना क्लोपिडोग्रेल आहे, त्यात कर्क्युमिनमुळे रक्तस्रावाची शक्यता वाढते. यकृताला सूज आल्याच्या नोंदीही आहेत.

नेफ्रो_वाचक: फायद्याचा पुरावा म्हणून इराणमधली २०११ ची चाचणी पुढे करतात. त्यात लघवीतलं प्रोटीन घटलं होतं खरं, पण रुग्ण ४० आणि कालावधी दोन महिने. पुढे कॅनडात ५०० हून जास्त किडनीरुग्णांना सहा महिने सूक्ष्मकण कर्क्युमिन दिलं, प्रोटीन घटलं नाही की ईजीएफआर सुधारला नाही. कॅनडातच ६०६ जणांच्या दुसऱ्या चाचणीत (पोटातल्या महारोहिणीची, म्हणजे मुख्य धमनीची, शस्त्रक्रिया) कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांच्या किडनीला अचानक इजा झाली, न घेणाऱ्यांत १० टक्के. तेव्हा 'निदान अपाय तरी नाही' हेही खरं नाही.

मीनल_के: तीन आठवडे घेऊन झाल्यात. आता?

आहार_किडनी: आजच बंद करा, हळूहळू कमी करायची गरज नाही. या आठवड्यात क्रिएटिनिन, पोटॅशियम, एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या, लॅबला ऑक्सलेटचे स्फटिक बघायला सांगा. महिन्याने क्रिएटिनिन पुन्हा. डॉक्टरांकडे डबाच घेऊन जा, त्यांना घटक वाचता येतील. डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली किंवा कमी झाली तर तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. टेल्मिसार्टन आणि क्लोपिडोग्रेल मात्र स्वतःहून थांबवू नका.