फर्मागुडीच्या चढणीवर गाडी बंद

सोसायटीचा ग्रुप (नावांऐवजी फ्लॅट नंबर)

शनिवार, दुपारी ३.१०

बी-३०२: पणजीहून येताना फर्मागुडीच्या चढणीवर गाडी बंद पडली. सेल्फ मारतोय, पण चालू होत नाही. जवळपास कुणाच्या ओळखीचा मेकॅनिक आहे का? आईपण आहे सोबत.

सी-२०४: अरे देवा. आधी आईंना सावलीत बसव. पाणी आहे ना?

बी-३०२: आहे वहिनी. ती बसलीये झाडाखाली, वर मलाच ओरडतेय.

ए-१०४: बॅटरी गेली. माझी अशीच गेली होती. नवीच टाक.

बी-१०१: पेट्रोल कुठे भरलंस? हल्ली इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं.

सी-१०३: ओपाचं नळाचं पाणी आज येणार का?

ॲडमिन: तुमचं पाणी नंतर हो. तो रस्त्यावर आहे.

ए-२: आधी मागच्या चाकाला दगड लाव, चढणीवर नुसत्या हँडब्रेकवर भरवसा नको. चारी इंडिकेटर चालू ठेव, त्रिकोण निदान पन्नास पावलं मागे. मग सांग, सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतं की नुसतं टकटक?

बी-३०२: फिरतं काका. चांगलं जोरात. पण पेटत नाही.

ए-२: मग बॅटरी नव्हे. बॅटरी उतरली असती तर सेल्फ रडला असता. फिरणं नेहमीसारखंच की एकदम हलकं? हलकं वाटत असेल तर टायमिंग बेल्ट तुटला असेल. मग सेल्फला हातच लावू नकोस, व्हॉल्व्ह वाकतील.

बी-३०२: नेहमीसारखंच.

ए-२: बरं. आता चावी फक्त ऑन कर, सेल्फ मारू नको. मागच्या सीटपाशी कान लाव. दोनेक सेकंद सर्र आवाज येतो?

बी-३०२: कदंबा बस गेली की काही ऐकूच येत नाही इथे. थांबा.
बी-३०२: हो, आला.

ए-१०४: अरे, तो आवाज पेट्रोलच्या पंपाचा ना? पंप तर गेल्या महिन्यातच बदललास ना?

बी-३०२: हो ना. साडेसात हजार गेले. तेव्हापण अशीच बंद पडलेली, बाणस्तारीच्या पुलाजवळ. टो करून गॅरेजात नेली तर तिथे पहिल्या सेल्फला चालू! तरी तो म्हणाला, पंपच गेलाय.

ए-२: गॅरेजात पोचेपर्यंत ती निवली होती. चुकलं ते तिथेच. बरं, चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकतोय का?

बी-३०२: नाही.

ए-२: मग सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघ. पाच सेकंदांवर मारू नको.

बी-३०२: शून्यावरच आहे. जरासुद्धा हलत नाही.

ए-२: माझा संशय क्रँक सेन्सरवर. सगळ्याच गाड्यांत काटा खरं बोलतो असं नाही, पण तापल्यावर मरते आणि निवल्यावर उठते, म्हणून म्हणतो. बॉनेट उघडून अर्धा तास थांब. कुणी पाणी ओत म्हणेल, ऐकू नकोस.

बी-१०१: काका, हा सेन्सर नेमकं करतो काय?

ए-२: क्रँकशाफ्टला एक दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत साठ दातांची जागा, त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले. ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की कॉम्प्युटरला कळतं, पिस्टन कुठे आहेत. सेन्सर मुका झाला की कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन फिरतच नाहीये. मग ठिणगी नाही की पेट्रोल नाही. आत केसासारख्या तारेची कॉइल असते. जुनी झाली की तापल्यावर कुठेतरी सुटते, निवली की परत टेकते.

ए-१०४: तुम्ही तर खाणीवर डिझेलवाले!

ए-२: म्हणून तर. २०१२ला खाणी बंद पडेपर्यंत टिपरांच्या डिझेलच्या लायनीतली हवा काढण्यातच जन्म गेला माझा. हे सेन्सर पोराच्या गाडीवर शिकलो, तेपण स्वतःचे पैसे घालवून.

दुपारी ३.५२

बी-३०२: झाली चालू!! पहिल्या सेल्फला. देव बरें करूं काका.

ए-२: एसी बंद ठेव, सरळ घरी ये. उद्या बघू. आणि सी-२०४, तुमच्याकडे हेअर ड्रायर आहे का?

सी-२०४: आहे. पण काका, तुम्हाला कशाला?? 😄

रविवार, सकाळी ११.४०

बी-३०२: [फोटो]
सेन्सर काढला. बोल्ट एकच, दहाच्या पान्याचा, पण हात जायला जागा नाही. कोपर सोलवटलं. काकांनी पायरीवर बसून मीटर लावला. थंड असताना ८७० ओहम, म्हणजे एकदम तब्येतीत. मग वहिनींचा ड्रायर धरला. आकडा हळूहळू चढत हजाराच्या पुढे गेला आणि साधारण तीन मिनिटांनी पटकन डाव्या कोपऱ्यात नुसता १. म्हणजे आत तार सुटली. ड्रायर बंद करून चहा प्यायलो, परत ८००च्या घरात!

बी-१०१: म्हणजे माझ्याही गाडीचा असा तपासता येईल?

ए-२: दोन वायरींचा असेल तर. तीन वायरी असतील तर तो बहुतेक दुसऱ्या जातीचा, त्याला ओहमचा मीटर लावून उपयोग नाही, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लागतो. पी-०३३५ कोड आला तर दुखणं याच सर्किटचं. पण तरी आधी प्लग आणि वायर बघायची. उंदीर काय सोडत नाहीत.

ए-१०४: स्कॅनर लावला असता तर त्या गॅरेजवाल्यालाही कळलं असतं की.

ए-२: कोड दर वेळी राहतोच असं नाही. पण निदान गाडी तापवून तरी बघायची होती. थंड गाडी चालवून दाखवणं ही काय तपासणी?

संध्याकाळी ५.२०

बी-३०२: नवीन सेन्सर बसवला. भर दुपारी एसी लावून फर्मागुडीची चढण तीनदा चढलो, मध्ये दहा मिनिटं चालूच उभी ठेवली. नाही बंद पडली.

ए-१०४: आणि साडेसात हजार?

बी-३०२: उद्या जातो विचारायला. जुना पंपपण परत घेतला नव्हता मी.

ए-२: तो मागून आण. चालूच असेल.

सी-२०४: काका, माझ्या ड्रायरला ग्रीसचा वास येतोय.

सी-१०३: ओपाचं पाणी आलं का शेवटी?