सहल नव्हे ती

परदेशातला सराव म्हणजे जवानांची फुकटची सहल, हे वाक्य वाचून वाईट वाटलं. २०२३ च्या सप्टेंबरात अमेरिकेसोबतच्या 'युद्ध अभ्यास'साठी आपले ३५० जण अलास्कात फोर्ट वेनराइटला गेले, मुख्य पलटण मराठा लाइट इन्फंट्रीची. पंधरवडाभर गारठ्यात परक्या फौजेबरोबर एकत्र हालचाली करायच्या, जखमींना मागे आणायचं. यात मौज कसली?

माझा भाचाही मराठ्यातच आहे (त्या तुकडीत नव्हता). सोलापूरच्या उन्हात वाढलेलं पोर. सुट्टीतही पहाटे पाचला पाठीवर वाळूची पिशवी बांधून होम मैदानावर पळतो. गेल्या वर्षी एका सरावातून दुसऱ्यात. घरी आला फक्त नऊ दिवस. ताईने केलेली शेंगाचटणी, कडक भाकरी तशीच पिशवीत भरून परत गेला.