लेव्हल ट्रान्सलेटरचा इनेबल पिन सिग्नल स्विच म्हणून चालेल का?

परळ_बेंच:
नमस्कार. ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलरला (३.३ व्होल्ट) ५ व्होल्टची दोन एकसारखी आयटूसी (एसडीए ही डेटाची आणि एससीएल ही क्लॉकची, अशा दोन लाइनवर चालणारी) मॉड्यूल जोडायची आहेत. दोघांचा पत्ता एकच, बदलता येत नाही. लेव्हल ट्रान्सलेटर (दोन व्होल्टेजमधले सिग्नल जुळवणारी चिप) तसाही लागणारच. मग प्रत्येकाला वेगळा ट्रान्सलेटर देऊन इनेबल पिननेच (चिप चालू-बंद करणारा पिन) एका वेळी एक मॉड्यूल निवडलं तर? हाताशी बीएसएस१३८ मॉस्फेटचं चार चॅनेलचं बोर्ड आणि टीएक्सएस०१०८ई ही ट्रान्सलेटर चिप आहे. मॉड्यूलवर ४.७ के (किलोओहम) चे पुल-अप, म्हणजे लाइन हाय ठेवणारे रेझिस्टर, आहेत.

गेट_सोर्स_ड्रेन:
बीएसएस१३८ बाजूला ठेवा. गेट ग्राउंडला नेलं तरी आतला बॉडी डायोड राहतोच. त्याचा अ‍ॅनोड सोर्सकडे, म्हणजे ३.३ व्होल्टच्या बाजूला. ५ व्होल्टच्या बाजूने कोणी लाइन खाली खेचली की डायोडमधून इकडची लाइनही साधारण ०.७ व्होल्टपर्यंत खाली येते. म्हणजे एका दिशेने तो कधी बंदच होत नाही.
टीएक्सएस०१०८ई चा ओई (इनेबल) पिन लो केला की दोन्ही बाजू खऱ्या अर्थाने सुटतात. पण त्यातली एज वेगवान करणारी वन-शॉट (क्षणभराचा पल्स देणारी) सर्किट लांब वायरवरच्या रिंगिंगला (सिग्नलच्या थरथरीला) फसतात. आयटूसीसाठी मी तो घेणार नाही. आणि ट्रान्सलेटरची टीएक्सबी मालिका तर नकोच, तिला ५० के पेक्षा कमी पुल-अप चालत नाहीत.

दादर_पीसीबी:
या कामाला पीसीए९३०६ हा आयटूसीचा ट्रान्सलेटर घ्या, मॉड्यूलमागे एक. लॅमिंग्टन रोडला ब्रेकआउट (चिप बसवलेलं छोटं बोर्ड) घेताना ईएन (इनेबल) पिन बाहेर काढलेला आहे ना, तेवढं बघा. व्हीरेफ१ या कमी व्होल्टेजच्या बाजूच्या संदर्भ पिनला ३.३ व्होल्ट. व्हीरेफ२ आणि ईएन एकमेकांना जोडून २०० के मधून ५ व्होल्टला, आणि त्याच बिंदूवरून १०० पिकोफॅरड ग्राउंडला. ईएन खाली खेचला की दोन्ही लाइन तुटतात. पलीकडच्या लाइन मॉड्यूलच्या स्वतःच्या पुल-अपवर हाय राहतात, त्यामुळे ते मॉड्यूल शांत बसतं.
ईएसपीच्या बाजूला ४.७ के लावा. एक चॅनेल चालू असताना लो खेचणाऱ्याला ०.७ अधिक १.०६, म्हणजे सुमारे १.८ मिलिअँपिअर पेलावे लागतात. दोन्ही चालू राहिले तर २.८, आणि आयटूसीच्या ३ मिलिअँपिअरच्या मर्यादेत फारसं काही उरत नाही.

परळ_बेंच:
ईएन थेट ईएसपीच्या ओपन-ड्रेन (फक्त लो खेचणाऱ्या) पिनला जोडू का?

दादर_पीसीबी:
नको. चालू असताना ईएनवर व्हीरेफ१ पेक्षा साधारण ०.६ व्होल्ट जास्त, म्हणजे ३.९ च्या आसपास येतात. ईएसपी३२ चे पिन एवढं सहन करणारे नाहीत. मध्ये २एन७००२ मॉस्फेट टाका: ड्रेन ईएनला, सोर्स ग्राउंडला, गेट ईएसपीच्या पिनला. लॉजिक उलटं होतं, पिन हाय म्हणजे चॅनेल बंद. गेटवर ३.३ व्होल्टला १० के द्या, म्हणजे बूट होताना दोन्ही बंद राहतील. ०, २, ५, १२, १५ हे पिन बूटच्या वेळी वाचले जातात, ते टाळा. ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत.

गेट_सोर्स_ड्रेन:
क्रमाकडे लक्ष द्या, बहुतेक गडबड तिथेच होते. आधी स्टॉप (आयटूसी व्यवहार संपवणारा संकेत), मग चालू चॅनेल बंद, मग दुसरं चालू, २०० मायक्रोसेकंद थांबा आणि मगच स्टार्ट. २०० के आणि १०० पिकोफॅरडचा टाइम कॉन्स्टंटच २० मायक्रोसेकंदांचा आहे, लगेच बोलायला गेलात तर नॅक (मॉड्यूलने दाद न दिल्याचा संकेत) मिळेल. व्यवहाराच्या मध्येच तोडलं तर मॉड्यूल एसडीए लो धरून बसू शकतं. तेव्हा तेच चॅनेल पुन्हा चालू करून एससीएलवर नऊ पल्स द्या आणि शेवटी स्टॉप.

दादर_पीसीबी:
एक राहिलं. २०० के चा बिंदू नाजूक असतो. सोल्डरिंगचा फ्लक्स तसाच राहिला आणि पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा लागली की गळतीमुळे ईएन पूर्ण वर चढत नाही. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घासून, वाळवून मग वार्निश मारा. मॉड्यूल तीन-चार होणार असतील तर सरळ टीसीए९५४८ए हा आयटूसी चॅनेल निवडणारा स्विच लावा: ३.३ व्होल्टवर चालवून चॅनेलकडचे पुल-अप ५ व्होल्टला ठेवता येतात, ट्रान्सलेटरही वेगळा लागत नाही.