शरदातील छायाचित्रणासाठी कोठे जावे : लडाख, काश्मीर की कुमाऊँ?

मुळाकाठ (पुणे)

नमस्कार. २०२६ च्या शरद ऋतूत केवळ छायाचित्रणासाठी आठ-नऊ दिवसांची सहल करावी, असे गेली दोन वर्षे मनात आहे. स्थळ मात्र ठरत नाही, म्हणून आपला सल्ला हवा आहे. रजा दोनच वेळा मिळू शकते : दसऱ्यानंतर २४ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, किंवा भाऊबीज आटोपल्यावर १४ ते २२ नोव्हेंबर. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत घरीच असायचे, हे आईने आधीच सांगून ठेवले आहे. ती स्वतःही बरोबर येणार आहे. तिचे वय ६८ असून गुडघे दुखत असल्याने चढ-उतार फारसा झेपत नाही.

माझ्या मनात तीन ठिकाणे आहेत. लडाखमधील पिवळे पॉप्लर, काश्मीरमधील लाल चिनार आणि उत्तराखंडातील कुमाऊँमधून दिसणारी हिमशिखरे. सह्याद्रीत कासच्या पठारापासून हरिश्चंद्रगडापर्यंत पुष्कळ फिरून झाले आहे, पण पानगळीचे रंग मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत आणि या वेळी तेच मुख्य आकर्षण आहे. माझ्याकडे २४-१०५ आणि ७०-२०० अशा दोन लेन्स व एक हलका ट्रायपॉड आहे. या तिन्हींपैकी कोणते ठिकाण निवडावे, आणि कोणत्या तारखांना?

जुनी_रीळ (नाशिक)

आपण प्रश्न स्थळाचा विचारला आहे, परंतु माझ्या अनुभवाने आधी तारीख पक्की करावी आणि मग त्या तारखेला जेथे रंग असतील तेथे जावे. आपले सण चंद्राच्या तिथीने येतात, तर झाडांची पाने दिवस लहान होणे आणि रात्री गार होणे यांना प्रतिसाद देतात. या दोन्हींचा मेळ दरवर्षी सारखा बसत नाही. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे सुट्टी अठरा दिवस पुढे सरकली, झाडे मात्र आपल्या जागीच राहिली. हे लक्षात न घेतल्याने २०१७ मध्ये आमची मोठी निराशा झाली. त्या वर्षी दसरा ३० सप्टेंबरला आला, रजा त्यालाच जोडून मिळाली आणि आम्ही ७ ते १३ ऑक्टोबर या काळात श्रीनगरला राहिलो. चिनार जवळजवळ पूर्ण हिरवे होते. फाटलेल्या तळहातासारखी ती पाने सुंदरच होती, पण ज्या रंगासाठी एवढ्या लांब गेलो तो दिसला नाही.

आता आपल्या तीन ठिकाणांविषयी. लडाखमधील पॉप्लर आणि विलो सप्टेंबरअखेरीस पिवळे पडू लागतात, आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर झपाट्याने झडतात. आपल्या दोन्ही वेळा त्या दृष्टीने उशिराच्या आहेत. शिवाय लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेची सवय होण्यासाठी पहिले दोन दिवस केवळ विश्रांतीत घालवावे लागतात, आणि महिनाअखेरीस रात्रीचे तापमान शून्याखाली जाते. आपल्या आईंना बरोबर घेऊन या दिवसांत तेथे जाऊ नये, असे मी आग्रहाने सुचवीन.

कुमाऊँ सुंदर आहे, पण तेथील बांज ओक, देवदार आणि चीड हे वृक्ष सदाहरित असल्याने पानगळीचा रंग तेथे शोधावा लागतो. तेथील खरे वैभव पावसानंतर धुऊन निघालेल्या आकाशाचे आहे. मुनस्यारीहून पंचचुली पूर्वेच्या अंगाला दिसते, त्यामुळे मावळतीचा तांबडा प्रकाश थेट तिच्या पाचही शिखरांवर पडतो. ते दृश्य मी तीन संध्याकाळी पाहिले आणि तिन्ही वेळा वेगळे होते. मात्र काठगोदामहून मुनस्यारीला पोहोचण्यास घाटरस्त्याने पूर्ण दिवस लागतो. आपण वाटेत एक मुक्काम करावा. नोव्हेंबरच्या मध्यावर जायचे असेल, तर मी कुमाऊँच सुचवीन.

चिनार ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात रंगू लागतो. आधी पिवळा, मग तांबूस, शेवटी गडद लाल, असा क्रम असून ऐन भर साधारणपणे ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा यांत येतो. तेव्हा आपल्यासाठी काश्मीर, आणि जमल्यास रजा तीन-चार दिवस पुढे सरकवून २८ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर. वसुबारस ५ नोव्हेंबरला आहे, म्हणजे आपण वेळेत घरी पोहोचाल.

सांजप्रकाश (नागपूर)

वरील मताशी सहमत आहे. फक्त २४ ऑक्टोबरच्या बाजूने एक मुद्दा मांडतो : २५ तारखेला कोजागिरी आहे. दल सरोवराच्या पश्चिम काठाला उभे राहिल्यास पूर्णचंद्र पूर्वेच्या झबरवान डोंगरामागून वर येताना दिसतो आणि खाली पाण्यात त्याचा पट्टा पडतो. डोंगर ओलांडून वर यायला त्याला थोडा अधिक वेळ लागतो, तोवर आकाश गडद निळे झालेले असते. ट्रायपॉड असलेल्या माणसाने हे दृश्य हातचे जाऊ द्यावे का, याचा विचार करावा.

सकाळी कोठे आणि संध्याकाळी कोठे, हे श्रीनगरमध्ये फार महत्त्वाचे ठरते, आणि बहुतेक पर्यटक नेमके उलट करतात. निशात व शालिमार या बागा झबरवानच्या पायथ्याशी, सरोवराच्या पूर्वेला आहेत. डोंगर पाठीशी असल्यामुळे सकाळी तेथे ऊन उशिरा उतरते. दुपारनंतर मात्र पश्चिमेचा प्रकाश सरोवरावरून सरळ बागेत येतो. याउलट काश्मीर विद्यापीठाच्या आवारातील नसीम बाग पश्चिम काठाजवळ, हजरतबलच्या शेजारी आहे, म्हणून ती सकाळसाठी उत्तम. मोगल काळापासूनची ही चिनारांची राई सपाट जमिनीवर असल्याने आपल्या आईंनाही तेथे निवांत फिरता येईल. नोव्हेंबरच्या आरंभी सूर्योदय सातच्या सुमारास आणि सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास होतो. दिवस लहान आहे, तेव्हा एका दिवसात दोनच जागा ठेवाव्यात.

चिनाराचे पान प्रकाश मागून आला की काचेसारखे उजळते, म्हणून सूर्य समोर ठेवून, खोडाआड झाकून फोटो घ्यावेत. लाल रंग कॅमेऱ्यात लवकर फाटतो, म्हणजे त्यातील बारकावे नाहीसे होऊन सपाट डाग उरतो. एक्स्पोजर थोडे कमी ठेवावे आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता डेलाइटवर ठेवावा, नाहीतर कॅमेरा तो उबदारपणाच काढून टाकतो. पोलरायझर फिल्टर असल्यास ओल्या पानांवरची चमक कमी होते.

केशरवाट (मुंबई)

पांपोरविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. श्रीनगरच्या दक्षिणेला जम्मूच्या वाटेवर केशराची शेते आहेत आणि त्यांचा फुलोरा याच दिवसांत, ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, दोन-तीन आठवडे असतो. फुले सकाळीच वेचली जातात. दुपारी गेल्यास मोकळी माती पाहावी लागते, त्यामुळे सकाळी आठपर्यंत शेतावर असावे. एक किलो सुके केशर मिळविण्यासाठी सुमारे दीड लाख फुले लागतात. टोपली घेऊन वाकलेल्या स्त्रियांचा फोटो काढण्याआधी हे ध्यानात असले, तर आपण आपोआप दोन पावले मागे उभे राहतो. आधी नमस्कार करावा, अनुमती घ्यावी, वाफ्यात पाय ठेवू नये. मला ज्या कुटुंबाने शेतात बोलावले, त्यांच्याबरोबर मी कॅमेरा बाजूला ठेवून तासभर फुले वेचली, आणि त्यानंतर मिळालेले चेहरे आधीच्या कोणत्याही फोटोत नव्हते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिम तेथे चालत नाही, पोस्टपेड घ्यावे. ड्रोन घरी ठेवावा, आणि सुरक्षा दलांच्या चौक्यांकडे कॅमेरा वळवू नये. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा सोडावा, कारण २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच खोऱ्यात जोरदार बर्फ पडला होता. सफरचंदाच्या बागायतदारांची त्यात फार हानी झाली. फळे काढायची राहिलेली झाडे बर्फाच्या भाराने मोडली होती.

मुळाकाठ (पुणे)

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. लडाखचा विचार सोडला आहे. कोजागिरीचा मुद्दा वाचून दोन दिवस मन डळमळले, परंतु मला पानगळ पाहायची आहे, आणि कोजागिरीचे दूध घरच्या गच्चीवर आटवायचे, असे आईचेही म्हणणे पडले. २८ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर अशी रजा मंजूर झाली आहे. तीन सकाळी नसीम बागेत, दोन पांपोरला, आणि ३ तारीख मोकळी ठेवली आहे. नसीम बागेत विद्यापीठाच्या आवारातून ट्रायपॉड नेण्यास कोणाची परवानगी घ्यावी लागते का?

सांजप्रकाश (नागपूर)

मला फाटकावर ओळखपत्र दाखवून आत सोडले होते. ट्रायपॉडविषयी तेथील रखवालदारांनाच विचारले आणि त्यांनी होकार दिला. आपणही पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवून, आईंना बरोबर घेऊन जावे व आधी विचारून घ्यावे.