सेरा एंजल की मलड्रिफ्टर : पाच मानाच्या प्राण्याची पारख कशी करावी?

वरुडकर (धागा सुरू करणारे)

‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातल्या माझ्या निळ्या-पांढऱ्या डेकमध्ये (खेळायच्या गठ्ठ्यात) पाच माना (कार्ड खेळायला खर्च होणारी शक्ती, जी लँड कार्डांतून मिळते) लागणाऱ्या एकाच प्राण्याला जागा उरली आहे आणि त्या जागेसाठी दोन कार्डे समोर आहेत. पहिले सेरा एंजल. हे १९९३ च्या पहिल्याच संचातले कार्ड असून त्याची ताकद ४ आणि टिकाव ४ आहे. ते उडते, आणि हल्ला करूनही टॅप होत (वापरले म्हणून आडवे पडत) नसल्यामुळे समोरच्याच्या पाळीत आपला बचाव करायला ते उभेच असते. दुसरे २००७ च्या लॉरविन संचातले मलड्रिफ्टर. तेही उडते, पण ताकद २ आणि टिकाव २ एवढेच. मात्र ते मैदानात उतरताच आपल्याला दोन कार्डे ओढता येतात.

मागच्या रविवारी आमच्या गावच्या वाचनालयाच्या ओसरीवर मी पाचव्या पाळीला पाचही लँड टॅप करून सेरा एंजल उतरवले. समोरच्या गड्याने दोनच लँड आडवे केले, डूम ब्लेड हे प्राणी मारणारे कार्ड खेळले आणि माझे एंजल ग्रेव्हयार्डात (मेलेल्या कार्डांच्या ढिगात) गेले. माझे पाच माना आणि पूर्ण पाळी गेली, त्याचे दोन माना गेले. त्या जागी मलड्रिफ्टर असते तर तेही मेलेच असते, पण दोन नवी कार्डे माझ्या हाती राहिली असती. म्हणून माझे स्पष्ट मत असे झाले आहे की प्राण्याची पारख तो जगला तर काय करील यावरून करू नये. तो आल्या पावली मेला तर आपल्या पदरात काय पडते, हे आधी पाहावे.

पुसदचा खेळाडू

वरुडकर भाऊ, एका डावाच्या दुखण्यावरून तुम्ही नियम बांधत आहात, असे मला वाटते. शंकरपटातल्या बैलाची पारख तो उद्या आजारी पडला तर काय होईल यावरून कोणी करत नाही. डूम ब्लेड काळ्या रंगाचे प्राणी सोडून बाकी कुणालाही मारते, हे मान्य. परंतु लायटनिंग बोल्टचे काय? एक लाल माना आणि तीन इजा. त्यात तुमचे मलड्रिफ्टर मरते आणि सेरा एंजल उभे राहते. आमच्या पाच जणांच्या गटात दोघे लाल डेक खेळतात, तेव्हा टिकाव ४ आहे की २, यावर पुष्कळ डाव फिरतात.

दुसरे असे की, आपण मागे पडलेलो असताना कोणते कार्ड उपयोगी पडते, हे पाहिले पाहिजे. समोर जमिनीवरून चालणारे ३/३ चे (ताकद ३, टिकाव ३) दोन प्राणी चाल करून येत असताना हाती आलेली दोन कार्डे खेळायला माना आणि वेळ लागतो. सेरा एंजल मात्र त्याच पाळीपासून त्यातल्या एकाला अडवून मारते आणि स्वतः जगते.

आर्वीची मास्तरीण

दोघांचेही म्हणणे आकड्यांत मांडून पाहू या. वरुडकर पहिले खेळले असे धरले, तर समोरच्याच्या पाचव्या पाळीपर्यंत त्याने सुरुवातीची सात आणि ओढलेली पाच अशी बारा कार्डे पाहिलेली असतात. त्याच्या ६० कार्डांत एंजलला मारणारी दोनच कार्डे असतील, तर त्यांतले निदान एक हाती आलेले असण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के होते. चार असतील तर ६० टक्के आणि आठ असतील तर ८५ टक्के. म्हणजे या प्रश्नाचे उत्तर सेरा एंजलच्या कार्डावर छापलेले नाही, ते समोरच्याच्या डेकमध्ये आहे. शहरातल्या दुकानात अनोळखी माणसाशी खेळताना आठ धरून चालावे लागते. आपल्याकडे कुरिअरने मागवलेली तीच ती कार्डे वर्षभर एकमेकांच्या हातांत फिरतात, त्यामुळे कोणाकडे किती डूम ब्लेड आहेत हे आपल्याला खरोखर मोजता येते. ते न मोजता नियम करणे मला पटत नाही.

वरुडकर

ताई, हिशेब अगदी बरोबर आहे, परंतु तो पाचव्या पाळीपाशी थांबतो. समोरच्याचे आयुष्य २० असते, म्हणजे एकट्या सेरा एंजलला पाच हल्ले करावे लागतात, आणि पाचवा हल्ला माझ्या दहाव्या पाळीला होतो. तोवर समोरच्याने सोळा कार्डे पाहिलेली असतात. तेव्हा तुमचे ३६ टक्के ४७ होतात आणि ६० टक्के ७२ होतात.

शिवाय मलड्रिफ्टरची एक बाजू वर कोणी मांडलीच नाही. ‘इव्होक’च्या आधारे ते तीनच मानात खेळता येते, ते लगेच बळी जाते, पण दोन कार्डे देऊन जाते. पुरेसे लँड न आलेल्या हातात सेरा एंजल नुसते पडून राहते, मलड्रिफ्टर मात्र तिसऱ्या पाळीलाच पुढचे लँड शोधायला मदत करते. बळी जाण्याआधी दोन मानाचे मोमेंटरी ब्लिंक त्यावर खेळले, तर ते मैदानातून जाऊन परत येते, आणखी दोन कार्डे मिळतात आणि प्राणी जागेवर राहतो. पाच मानात चार कार्डे आणि उडणारा प्राणी, हे सेरा एंजलकडून कधीच होणार नाही.

पुसदचा खेळाडू

पाचही हल्ले सेरा एंजलनेच करावेत, हे कोणी ठरवले? पहिल्या चार पाळ्यांत इतर प्राण्यांनी आठ इजा केली असेल तर तीन हल्ले पुरतात, आणि मलड्रिफ्टरला त्याच ठिकाणी सहा लागतात. ब्लिंकची जोडी सुंदर आहे यात वाद नाही, पण ती दोन कार्डांची जोडी आहे. तिचे श्रेय एकट्या मलड्रिफ्टरच्या खात्यात टाकता येणार नाही. आणि समोरच्याने तीन मानाचे कॅन्सल खेळून मलड्रिफ्टर रद्द केले, तर ते मैदानात उतरतच नाही, दोन कार्डेही मिळत नाहीत. मग तुमच्या कसोटीत तेही नापासच ठरते.

आर्वीची मास्तरीण

कॅन्सलचा मुद्दा योग्य आहे. मात्र त्यापुढे दोन्ही कार्डे सारखीच हरतात, म्हणून निवडीत त्याचे वजन पडत नाही. इव्होकच्या मुद्द्याचे वजन नक्की पडते, कारण पाच लँड वेळेवर न येणे हे प्रत्येकाच्या डेकमध्ये घडते, समोर कोणीही असो. वरुडकर, तुमच्या गटात काळी डेक किती जण खेळतात आणि लाल किती?

वरुडकर

सहा जणांत काळी डेक एकाची आणि तिच्यात डूम ब्लेड चार. लाल तिघांची आणि तिघांकडेही बोल्ट पूर्ण चार-चार. हे लिहिताना पुसदच्या भाऊंच्या म्हणण्याला माझ्याच गटात किती आधार आहे, ते मला दिसते आहे. तरीही बोल्टने मेलेले मलड्रिफ्टर दोन कार्डे देऊन जाते आणि समोरच्याचा एक बोल्टही खर्च करवते, त्यामुळे मी त्याला तोट्याचा सौदा मानत नाही. येत्या रविवारी चाचणीपुरती डेकमध्ये आणखी जागा करून तीन मलड्रिफ्टर आणि एक सेरा एंजल घालून तिन्ही लाल डेकशी प्रत्येकी तीन डाव खेळतो आणि कोणते कार्ड कितव्या पाळीला, कशाने मेले, हे वहीत टिपून इथे लिहितो.

पुसदचा खेळाडू

भाऊ, मग त्याच डेकमध्ये तीन सेरा एंजल आणि एक मलड्रिफ्टर घालूनही तेवढेच नऊ डाव खेळा, नाहीतर वहीला तुलना करायला दुसरी बाजूच राहणार नाही.